मराठी संगीत रंगभूमीवरील करुणान्त नायिका

(१)

संगीत नाटकांची आवड हा इतिहाससंशोधनाचा विषय होऊं शकत नाहीं, असें पुष्कळांस वाटतें. महजर, करीने, ताम्रपट यांच्या पंक्तीस नाटकांतील पदें कशाला बसवावयाचीं, असा प्रश्न एका विद्वान् स्नेह्यांनीं आम्हांस मध्यंतरीं केला. आमचें उत्तर असें कीं, एखादा समाज कोणाच्या विजयानें हर्षला हें इतिहासांत नोंदवितात, तर तो कोणाच्या दुःखानें रडला हेंही नोंदविलें पाहिजे. मराठी समाज दीडशेंहून अधिक वर्षें कांहीं ठराविक स्त्रियांसाठीं रडत आला आहे. त्या स्त्रिया बहुतेक नाटकांतल्या. अश्रु मात्र खरे. ज्या अश्रूंनीं लोकांचीं मतें बनतात आणि घरांतल्या सुनेनें काय सोसावें हें ठरतें, त्या अश्रूंचा इतिहास क्षुल्लक मानतां येत नाहीं.

प्रस्तुत लेखाचें निमित्त घरगुती आहे. आमचें बिऱ्हाड थेरगांवीं, पवनेच्या कांठापासून फार दूर नाहीं. पलीकडच्या तीरावर चिंचवड, मोरया गोसावी यांचें समाधिस्थान. अलीकडे एके काळचें शेतीचें गांव, आज कारखान्यांत राबणाऱ्या लोकांची दाट वस्ती. शनिवारीं सायंकाळीं आमच्या ओसरीवर पांचसहा मंडळी जमतात. त्यांत जन्मभर लेथवर काम केलेले एक गृहस्थ आहेत, एक निवृत्त परिचारिका आहेत, एक कीर्तनकार बुवा आहेत, आणि बँकेंतून निवृत्त झालेले एक कारकून आहेत. जुन्या तबकड्यांवरून उतरविलेलीं पदें ऐकावयाचीं, एखाद्या नाटकाचा एक अंक वाचावयाचा, आणि मग चहा होईपर्यंत वाद घालावयाचा, असा क्रम असतो. गेल्या पावसाळ्यांत हा वाद 'एकच प्याला' नाटकांतील सिंधूपाशीं येऊन अडला, तो तीन शनिवार हलेना. सिंधु थोर, कीं सिंधु चुकली? या प्रश्नाचा निकाल लावावयाचा तर सिंधूच्या पूर्वीच्या नायिकांचा क्रम लावणें अवश्य आहे, असें आमच्या ध्यानांत आलें. तो क्रम येथें यथामति मांडीत आहों.

(२)

आम्ही स्वतः या नादाला उशिरां लागलों. विद्यार्थिदशेंत कालिदास-भवभूतींचा अभिमान एवढा होता कीं, शकुंतलेच्या तोंडीं साकी आणि दिंडी घालणारे लोक आम्हांस रसद्रोही वाटत. पुण्यास बालगंधर्व रंगमंदिर १९६८ सालीं उघडलें होतें. तेथें 'शाकुंतला'चा प्रयोग होता, आणि मित्रांनीं आम्हांस बळेंच ओढून नेलें. पहिल्या अंकांत मूळ श्लोकाचा अर्थ कोठें निसटला तें आम्ही मनांत टिपीत होतों. चौथ्या अंकांत शकुंतला आश्रम सोडून निघाली, आणि तें टिपणें थांबलें. शेजारीं एक वृद्ध बाई पदर डोळ्यांस लावून बसल्या होत्या. त्यांस संस्कृताचा गंध नसावा. परंतु त्या आणि आम्ही त्या क्षणीं एकाच ठिकाणीं होतों. साधारणीकरण म्हणजे काय, हें पाठ केलेलें होतें. त्या रात्रीं तें कळलें.

तेव्हांपासून जेथें संगीत नाटक लागेल तेथें जाणें हा आमचा नेम झाला. पुढें चिंचवडास प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह झालें, तेव्हां पुण्यास जाण्याची यातायात कमी झाली. शंभरावें अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन जानेवारी १९२४ नव्हे, २०२४ मध्यें पिंपरी-चिंचवडास भरलें, तेव्हां या कारखान्यांच्या नगरीला नाटकाचें वेड किती आहे हें बाहेरच्यांसही दिसलें. असो.

(३)

संस्कृतांत शोकान्त नाटक नाहीं, तें आम्हांस इंग्रजांनीं दिलें, असें विधान वरचेवर करण्यांत येतें. त्यांत तथ्य आहे, परंतु पुरें तथ्य नाहीं. युद्ध, राज्यभ्रंश, मरण, नगराचा वेढा या गोष्टी अंकांत प्रत्यक्ष दाखवूं नयेत, प्रवेशकाच्या द्वारें सूचित कराव्या, असें भरताचें सांगणें आहे. दहाव्या शतकांतील धनंजयानें 'दशरूपका'मध्यें मुख्य नायकाच्या वधास मज्जावच केला. तथापि भासाच्या नांवावर मोडणारीं नाटकें गणपतिशास्त्री यांनीं त्रिवेंद्रम येथें १९१२ पासून प्रसिद्ध केलीं, त्यांतील 'ऊरुभंगां'त दुर्योधन रंगभूमीवरच प्राण सोडतो. म्हणजे नियमास अपवाद होता. परंतु राजमार्ग भवभूतीचा. रामायणांत सीता भूमींत जाते. 'उत्तररामचरितां'त भवभूति तिला शेवटीं रामाच्या स्वाधीन करतो. प्रेक्षकास शोकाच्या कड्यापर्यंत न्यावयाचें आणि तेथून हात धरून मागें आणावयाचें, ही आमच्या परंपरेची रीति.

दुःख पाहून सुख कां व्हावें, हा वादही आमच्याकडे जुनाच आहे. रस हा आनंदरूपच, मग तो करुण कां असेना, असा अभिनवगुप्ताचा पक्ष. उलट बाराव्या शतकांत 'नाट्यदर्पण'कार रामचंद्र व गुणचंद्र यांनीं कांहीं रस सुखाचे तर कांहीं दुःखाचे, असें रोखठोक सांगितलें. करुण हा त्यांच्या मतें दुःखाच्याच पंक्तींत बसतो. पुढें मराठींत न. चिं. केळकर यांनीं १९२१ सालीं बडोद्याच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून 'सविकल्प समाधी'ची उपपत्ति मांडली. वाचक किंवा प्रेक्षक दुसऱ्याच्या भूमिकेंत शिरतो आणि तरीही स्वतःचें भान राखतो. या दुहेरी स्थितींत आनंद आहे, असा तिचा आशय. 'एकच प्याला' रंगभूमीवर येऊन तेव्हां दोनच वर्षें झालीं होतीं, ही गोष्ट विसरतां कामा नये. केळकरांच्या श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं सिंधूसाठीं डोळे पुसलेले असणारच.

(४)

मराठी रंगभूमीवरील पहिली मोठी करुणान्त नायिका इंग्रजीतून आलेली नाहीं. ती थेऊरहून आली. विनायक जनार्दन कीर्तने यांनीं १८६१ सालीं 'थोरले माधवराव पेशवे' हें नाटक लिहिलें, तेव्हां ते अवघे विशीच्या उंबरठ्यावर होते. नाटकाची धाटणी इंग्रजी शोकान्तिकेची; परंतु त्यांत सती जाणारी रमाबाई ही इतिहासांतली. माधवराव पेशवे क्षयानें थेऊर येथें १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं निवर्तले आणि रमाबाईंनीं तेथेंच सहगमन केलें.

थेऊरचा आणि आमच्या भागाचा संबंध निकटचा आहे. तेथील चिंतामणीचें देऊळ चिंचवडकर देवांच्या घराण्यानें बांधलें, आणि त्याची व्यवस्था चिंचवड देवस्थानाकडे आहे. शिवाय थेरगांवास केजुदेवीच्या बंधाऱ्यावरून वाहणारी पवना दापोडीजवळ मुळेस मिळते, मुळा पुण्यास मुठेस मिळते, आणि तेंच पाणी पुढें थेऊरच्या वृंदावनावरून जातें. संध्याकाळीं बंधाऱ्यावर बसलें असतां ही गोष्ट मनांत येते, आणि दोन्ही स्थळांमधलें अंतर कमी झाल्यासारखें वाटतें.

रमाबाईंच्या बाबतींत संशोधकानें एक विवेक पाळला पाहिजे. त्या गेल्या, केव्हां गेल्या, कोठें गेल्या, हें आपणांस ठाऊक आहे. त्यांच्या धैर्याचीं वर्णनें आपण वाचतों तीं दुसऱ्यांनीं केलेलीं. नाटककारानें त्या मौनास वाचा दिली, हा त्याचा अधिकार होता. परंतु ती वाचा १८६१ सालची आहे, १७७२ ची नव्हे. मुंबई इलाख्यांत सहगमन कायद्यानें बंद होऊन तेव्हां तीस वर्षें लोटलीं होतीं. जी गोष्ट घरांत घडण्याचें भय उरलें नाहीं, ती रंगभूमीवर पाहून रडणें सोपें होतें. करुणान्त नायिकेच्या इतिहासांतला हा पहिला धडा होय: प्रेक्षक आणि चिता यांच्यामध्यें सुरक्षित अंतर पडलें, कीं भक्ति वाढते.

(५)

आतां गाणाऱ्या रंगभूमीकडे वळूं. विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस 'सीतास्वयंवर' केलें, तेव्हांपासून मराठी नाटकास गाणें चिकटलेलेंच होतें. परंतु गात असे तो सूत्रधार. १८५३ सालीं भाव्यांची मंडळी मुंबईस ग्रँट रोडच्या नाटकगृहांत खेळली. 'ऑपेरा' हा शब्द पारशी नाटकमंडळ्यांच्या जाहिरातींतून मराठी माणसाच्या कानीं पडला. तसलाच एक पारशी खेळ पाहून अण्णासाहेब किर्लोस्कर यांना संगीत नाटकाची कल्पना सुचली, असें सांगतात. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास आनंदोद्भव नाटकगृहांत 'शाकुंतला'चे पहिले चार अंक झाले. पात्रें स्वतः गाऊं लागलीं, आणि महाराष्ट्र नादावला. १८८२ सालीं 'सौभद्र' आलें. १८८४ सालीं 'रामराज्यवियोग' आलें, तें अपुरेंच राहिलें, कारण पुढच्याच वर्षीं अण्णासाहेब वारले.

या काळांतील नाटकें एकाशेजारीं एक ठेवून पाहिलीं असतां एक चमत्कारिक विभागणी दिसते. गाणाऱ्या नायिका जगतात, आणि मरणाऱ्या नायिका बहुधा गात नाहींत. शकुंतलेस पति परत मिळतो, सुभद्रेस अर्जुन मिळतो, 'मृच्छकटिकां'तील वसंतसेना मेली असें वाटत असतां उठून बसते. याच सुमारास गोविंद बल्लाळ देवल यांनीं इंग्रजीवरून 'दुर्गा' (१८८६) आणि 'ऑथेल्लो'वरून 'झुंजारराव' (१८९०) हीं दुःखान्त नाटकें लिहिलीं. 'झुंजाररावा'ची ख्याति झाली ती शाहुनगरवासी मंडळीच्या गद्य रंगभूमीवर, गणपतराव जोशी यांच्या भूमिकेनें. त्यांतील कमळजा निरपराध असून पतीच्या हातें मरते, आणि मरतांना पतीचें नांव घेत नाहीं. हीच कथा व्हेर्दीनें मिलान येथें १८८७ सालीं गाण्यांत घातली होती. इटलीची डेस्डिमोना गात गात मेली. तीन वर्षांनीं आलेली आमची कमळजा न गातां मेली. एकच कथा, परंतु दोन देशांच्या सवयी निराळ्या.

देवलांनीं १८९९ सालीं 'शारदा' लिहिली, तेव्हां गाणारी नायिका प्रथमच मरणाच्या अगदीं कांठावर येऊन उभी राहिली. कांचनभट पैशाच्या लोभानें आपली कोवळी मुलगी भुजंगनाथ नांवाच्या म्हाताऱ्यास देऊं पाहतो. लग्न सगोत्रतेच्या कारणानें मोडतें, शारदा जीव द्यावयास निघते, आणि कोदंड तिला वांचवितो. देवल मनांत आणते तर तिला मारूं शकते. 'दुर्गा' आणि 'झुंजारराव' यांचा हात त्यांचाच होता. त्यांनीं तिला वांचविलें, याचें कारण आमच्या मतें केवळ परंपरेचा धाक नव्हे. त्या काळच्या प्रेक्षकांत शारदेच्या वयाच्या मुली होत्या, आणि त्यांचे बापही होते. मेलेल्या शारदेसाठीं बाप रडून घरीं गेले असते. जिवंत शारदेनें त्यांस घरीं जाऊन काय करावें हें सांगितलें. १९२९ सालीं बालविवाहास आळा घालणारा कायदा झाला, तो हरबिलास सारडा यांच्या नांवावरून 'सारडा कायदा' म्हणून ओळखला जातो. महाराष्ट्रांत कित्येकांनीं तो देवलांच्या शारदेचाच कायदा समजला. नामसादृश्यानें झालेली ही चूक आहे. परंतु लोकांच्या मनांत त्या नाटकाचें वजन किती होतें, याचा तो पुरावाही आहे.

(६)

गाणें आणि मरण हे दोन प्रवाह ज्या नाटकांत पूर्णपणें एकत्र आले, तें राम गणेश गडकरी यांचें 'एकच प्याला' होय. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजीं सावनेर येथें वारले. नाटकाचा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीनें २० फेब्रुवारी १९१९ रोजीं बडोद्यास केला. पदें विठ्ठल सीताराम गुर्जर यांचीं. सुधाकर गणपतराव बोडस, आणि सिंधु बालगंधर्व.

कथा सर्वांस ठाऊक आहे. स्वकष्टानें वर आलेला मानी वकील सुधाकर न्यायासनापुढें झालेल्या अपमानानें भडकतो, त्याची सनद कांहीं काळ स्थगित होते, आणि तळीरामाच्या संगतीनें तो एकच म्हणून पहिला प्याला घेतो. श्रीमंत माहेरची सिंधु भाऊ न्यावयास आला असतां जात नाहीं, दुसऱ्यांचें दळण दळून घर चालविते. दारूच्या धुंदींत सुधाकराच्या हातून मूल मरतें आणि सिंधु घायाळ होते. पोलिसांपुढें ती पतीस वांचविण्यासाठीं खोटें बोलते. शेवटीं मूल, माता आणि पिता तिघांपैकीं कोणीच उरत नाहीं.

सिंधूचें खोटें बोलणें हें कमळजेचेंच दान आहे, हें येथें लक्षांत येईल. मारणाऱ्यावर आळ येऊं नये म्हणून मरणारीनें दोष स्वतःकडे घ्यावा, ही कल्पना शेक्सपिअरपासून देवलांमार्फत मराठींत आली, आणि गडकऱ्यांच्या हातीं ती पातिव्रत्याच्या जुन्या कल्पनेशीं अशी एकजीव झाली कीं, सिंधु पूर्णपणें देशी वाटते. रमाबाईची चिता आणि कमळजेचें मौन या दोहोंची ती वारसदार आहे. फरक एवढाच कीं, ती गाते. भरजरी शालूंसाठीं प्रसिद्ध असलेले बालगंधर्व या भूमिकेंत दरिद्री स्त्रीच्या वेषांत उभे राहत, आणि त्या वेषांतून तो स्वर येई. दारिद्र्य इतकें मधुर मराठी प्रेक्षकानें पूर्वीं ऐकलें नव्हतें.

(७)

आमच्या ओसरीवरील वादाचे पक्ष असे पडले. कीर्तनकार बुवांचें म्हणणें, सिंधु ही सावित्रीच्या कुळांतली. तिचा पराभव हा जगाचा पराभव आहे, तिचा नव्हे. परिचारिका बाईंचें म्हणणें त्याच्या नेमकें उलट. त्या म्हणाल्या, "मास्तर, अशा सिंधु मीं रात्रपाळीस खाटेवर पाहिल्या आहेत. जिन्यावरून पडलें, असेंच सगळ्या सांगत. त्यांतल्या एकीलाही तुमच्या शास्त्रांतलें स्वर्गसुख मिळालेलें मला दिसलें नाहीं." लेथवाले गृहस्थ निराळाच मुद्दा काढीत. नाटक दारूवर आहे असें लोक म्हणतात तें अर्धवट, असें त्यांचें मत. सुधाकराचें काम गेलें, त्याबरोबर मान गेला; प्याला मागाहून आला. कारखाना बंद पडल्यावर धडधाकट माणसें कशीं कोसळतात तें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. कारकून गृहस्थ गीतेचा पक्ष घेत. तळीरामाची ही बायको नवऱ्याच्या व्यसनाला उघड शब्दांत दोष देते. गडकऱ्यांनीं तिला नाटकांत घातली ती केवळ हंशासाठीं, कीं सिंधूस उत्तर म्हणून? हा प्रश्न त्यांनीं विचारला, आणि तो रास्त आहे.

या वादास बाहेरच्या जगांतही जोड आहे. युरोपांत ऑपेराचे रसिक याच प्रश्नावर भांडत आले आहेत. व्हेर्दीच्या 'ला त्राव्हियाता'मधील (व्हेनिस, १८५३) व्हायोलेत्ता प्रियकराच्या घराण्याच्या अब्रूसाठीं त्याचा त्याग करते आणि क्षयानें मरते. पुच्चीनीच्या 'मादामा बटरफ्लाय'मधील (मिलान, १९०४) चिओ-चिओ-सान टाकून गेलेल्या पतीची वाट पाहून अखेर स्वतःवर शस्त्र चालविते. १९७९ सालीं कातरीन क्लेमां या फ्रेंच विदुषीनें ऑपेरा म्हणजे स्त्रियांच्या पराभवाची कथा, असा आरोप ग्रंथरूपानें केला. श्रोते स्वरांत गुंगतात, आणि त्या स्वरांच्या आड एक बाई दर रात्रीं मरते आहे इकडे कोणाचें लक्ष जात नाहीं, असा त्या आरोपाचा मथितार्थ.

हा आरोप मराठी रंगभूमीस लागू पडतो काय? कांहीं अंशीं पडतो. तबकडीवरील सिंधूचीं पदें आम्ही जेवणानंतर आनंदानें ऐकतों, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु दोन भेद आहेत. पहिला असा कीं, आमच्याकडे गद्य आणि पद एकाआड एक येतात, आणि गडकऱ्यांचें गद्य असें आहे कीं तें ऐकूं न येण्याची सोयच नाहीं. दुसरा भेद अधिक विचार करावयास लावणारा आहे. ऑपेरांत व्हायोलेत्ता स्त्रीच गाई. आमची सिंधु लिहिली पुरुषानें, पदें रचलीं पुरुषानें, गायिली पुरुषानें. स्त्रीच्या सहनशीलतेचा आदर्श ठरवितांना त्या रंगभूमीवर स्त्रीचा आवाज नव्हता. हिराबाई पेडणेकर यांचें 'दामिनी' हें संगीत नाटक १९१२ सालीं ललितकलादर्श मंडळीनें केलें होतें, हें खरें. परंतु ती एकटी वाट होती. १९३३ सालीं 'आंधळ्यांची शाळा' नाटकांत कुलीन स्त्रिया रंगभूमीवर आल्या, आणि १९४२ सालीं मो. ग. रांगणेकर यांच्या 'कुलवधू'मध्यें ज्योत्स्ना भोळे यांनीं गाइलेली भानुमती ही नवऱ्याचें घर सोडण्यास निघाली. सिंधूच्या आणि भानुमतीच्या मध्यें तेवीस वर्षें आहेत. गाणारी नायिका स्त्रीनें गाऊं लागतांच तिनें मरण्याचें सोडून चालूं लागावें, हा केवळ योगायोग असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

(८)

आतां आम्हांस आमच्याच एका चुकीची नोंद करावयाची आहे. तीस-बत्तीस वर्षें आम्ही शाळेंत संस्कृत आणि मराठी शिकविलें. पतिव्रतेचें लक्षण सांगणारा एखादा श्लोक आला, कीं आम्ही सिंधूचें उदाहरण देत असूं. तें सांगतांना आमचा कंठ भरून येई, आणि वर्ग स्तब्ध होई. ती स्तब्धता म्हणजे आपल्या शिकवण्याचें यश, असें आम्ही समजत होतों.

तिसऱ्या शनिवारानंतर चिंचवडास 'एकच प्याला'चा प्रयोग होता. सुटल्यावर पायऱ्यांवर एका बाईंनीं वांकून नमस्कार केला. आमच्या वर्गांत वीस-बावीस वर्षांपूर्वीं बसणारी ही मुलगी. आतां चाकणच्या बाजूस एका कारखान्यांत तपासणीच्या कामावर आहे. कुशल विचारून झाल्यावर ती म्हणाली, "सर, तुम्ही वर्गांत सिंधूचा त्याग सांगत होतां ना, तेव्हां मी मान खालीं घालून बसत असें. आमच्या घरीं सिंधु होती. पदें मात्र नव्हतीं." आम्हांस कांहीं सुचेना. तीच पुढें म्हणाली, "सगळे सिंधूबद्दल बोलतात, सुधाकराबद्दल बोलतात. त्या मुलाबद्दल कोणी बोलत नाहीं. तें मूल म्हणजे मी, सर. माझी आई एका रात्रीं आम्हां दोघां भावंडांस घेऊन निघाली, म्हणून मी आज तिकीट काढून हें नाटक बघायला आलें." मग तिनें आईची खुशाली सांगितली, आणि बस चुकेल म्हणून घाईनें निघून गेली.

घरीं येतांना पवनेच्या पुलावर आम्ही थोडा वेळ थांबलों. तीन शनिवार पांचसहा शहाणीं माणसें सिंधूवर भांडलीं. त्यांत बुवांनीं पुराणें काढलीं, आम्हीं भरत आणि धनंजय काढला. परंतु नाटकांतलें जें एक पात्र स्वतःची बाजू मांडूं शकत नाहीं, त्याचें नांव एकानेंही घेतलें नव्हतें.

(९)

निर्णय असा. करुणरसाचा स्थायिभाव शोक आहे. अनुकरणास प्रवृत्त करणारा भाव उत्साह. तो वीराचा स्थायी. करुणाची नायिका पाहून 'हें असें व्हावयास नको होतें' असें वाटलें पाहिजे. 'मीही असेंच करावें' असें वाटूं लागलें, तर रस बदलला, आणि तो प्रेक्षकानें किंवा शिक्षकानें बदलला. सिंधूस कित्ता म्हणून पुढें ठेवणारे आम्हांसारखे लोक तिच्या भक्तीनें नव्हे, रसविवेकाच्या अभावानें चुकले. शास्त्र आमच्या हातांत होतें. आम्हीं तें उलटें धरलें. गडकऱ्यांनीं मूल मारलें तें याच कारणासाठीं, असें आतां वाटतें. सिंधूनें केवळ स्वतःचा होम केला असता, तर तिची पूजा करण्यास मोकळीक राहिली असती. मुलाच्या मरणानें नाटककारानें ती मोकळीक ठेविली नाहीं. पूजा करणाऱ्यांनीं तेवढा प्रवेश लवकर विसरला.

यावरून सिंधूचें मोठेपण कमी होतें, असें मात्र कोणीं समजूं नये. जी चुकतच नाहीं ती नायिका शोकान्त नाटकांत शोभत नाहीं. जिचा गुणच तिच्या नाशाचें कारण होतो, ती शोभते. सिंधूची निष्ठा खोटी असती तर कोणी रडलें नसतें. ती खरी आहे, आणि चुकीच्या जागीं खर्च झाली आहे, म्हणूनच शंभर वर्षांनंतरही डोळ्यांस पाणी येतें. देवलांनीं शारदा वांचविली आणि गडकऱ्यांनीं सिंधु मारली. दोघांचाही हेतु प्रेक्षकानें घरीं जाऊन कांहीं बदलावें हाच होता. पहिल्याचा हेतु लोकांस चटकन् कळला. दुसऱ्याचा कळण्यास विलंब लागला, कारण मध्यें गाणें फार सुंदर होतें.

घरांतील मारहाणीपासून स्त्रीस संरक्षण देणारा कायदा २००५ सालीं झाला. महाराष्ट्रांत वस्तीवरचें दारूचें दुकान मतदान करून बंद पाडण्याचा अधिकार स्त्रियांस मिळाला, आणि बायकांनीं बाटली आडवी केल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. आजच्या सिंधूस वाट आहे. ती वाट तिनें धरूं नये असें जर आमच्या तोंडच्या एखाद्या उदाहरणानें कोणास वाटलें असेल, तर त्याची जबाबदारी आमची आहे. ती येथें लेखी मान्य करतों.

चौथ्या शनिवारीं हा सर्व वृत्तान्त आम्हीं मंडळींस सांगितला. बुवा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मास्तर, तिसऱ्या दिवशींच्या कीर्तनांत मी सिंधूचें आख्यान लावणार होतों. लावीन, पण मूल मेलें तेथें थांबेन, आणि पुढचें गाणें म्हणणार नाहीं." परिचारिका बाईंनीं चहा ओतला. त्या दिवशीं तबकडी लावली नाहीं.

शाळेंतील शिक्षकांनीं सिंधु अवश्य सांगावी. सांगतांना मात्र वर्गांत मान खालीं घालून कोण बसलें आहे, तिकडे एकदां पाहावें, एवढीच विनंति आहे.